गाडी नाही म्हणजे पाय नाहीत

खामगावात माझ्या दारातून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेलं की चार किस्से गोळा होतात. कोणाचं लग्न मोडलं, कोणाची म्हैस व्याली, सगळं वाटेतच कळतं. अमेरिकेत मात्र सहा महिन्यांत मी मोजून काही वेळा घराबाहेर पडले, तरी इतके किस्से कसे साठले कोण जाणे! आमच्या गुरुवारच्या पोथीला बायका अजून विचारतात, "काय पाहिलं वं तिथं?" मी म्हणते, "गाड्या."

* * *

मी फिरायला गेलेच नव्हते. माझ्या मुलाला, मनोजला, तिथे ऑफिसात फिट आली. औषध सुरू झालं, पण तिथला नियम असा की पुढचे सहा महिने गाडी चालवायची नाही. मध्ये पुन्हा फिट आली तर मोजणी पहिल्या दिवसापासून! नोकरी तासभर लांब. कंपनीने सांगून ठेवलं होतं, सहा महिन्यांनी स्वतःचं स्वतः येता आलं पाहिजे. नोकरी गेली की व्हिसा गेला. मी सहा संकष्ट्या बोलले आणि विमानात बसले.

शेजारच्या कमलबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एवढं काय त्यात? एस्टीनं जा म्हना त्याले!"

पोचल्यावर मी मनोजला तेच विचारलं. तो हसला नाही. म्हणाला, "आई, इथे एस्टी नाही, रिक्षा नाही. इथे गाडी नाही म्हणजे पाय नाहीत."

* * *

वरच्या खोलीच्या खिडकीतून दुधाचं दुकान दिसायचं. मी म्हटलं, हे काय, हाकेवर तर आहे! एक दिवस पिशवी घेऊन निघाले. पण मध्ये भिंत, भिंतीपलीकडे हायवे. कॉलनीला फाटक एकच, तेही दुसऱ्या टोकाला. सारखीच घरं, सारखंच गवत. अर्ध्या तासाने फुटपाथच संपला! पुढे नुसतं गवत आणि बाजूने सुसाट गाड्या.

तीन गाड्या थांबल्या. तिघांनीही हातवारे करून एकच विचारलं: तुमची गाडी बंद पडली का?

फोनवर कमलबाईंना सांगितलं. "अगं बाई! चालनाऱ्या मानसाची एवढी कीव?"

* * *

रोजच्या नैवेद्यातला गायीचा घास मी फ्रीजमध्ये ठेवायचे. रविवारी सून, प्राची, म्हणाली, "आई, चला, गाय शोधू." पाऊण तास गाडी चालवली बिचारीने. गाय सापडली, कुंपणाच्या आत. कुंपणावर पाटी होती. प्राचीने वाचून दाखवली: जनावरांना खायला घालू नये!

पोळ्या घेऊन पाऊण तास परत.

कमलबाई म्हणाल्या, "आपल्या गल्लीतली तर उशीर झाला की दारात येऊन हंबरते. धाडू का तिले?"

* * *

श्रावणातल्या शुक्रवारी सवाष्ण हवी. शेजारच्या घरात बाई राहते एवढं माहीत होतं, पण चेहरा कधी दिसला नव्हता. गॅरेजचं दार आपोआप उघडायचं, पांढरी गाडी आत, दार बंद. चार दिवस मी पायरीवर बसून पाहिलं. बाई म्हणून ती मला दिसलीच नाही, गाडी म्हणूनच दिसली.

शुक्रवारी मी तिच्या दारासमोर करंडा घेऊन उभी राहिले. गाडी थांबली, काच खाली आली. गोरी, थकलेली, माझ्या प्राचीच्याच वयाची. मी खिडकीतूनच हळद-कुंकू लावलं. तिने "थँक्यू" म्हटलं. डोळे भरल्यासारखे वाटले मला. मग मागून हॉर्न वाजला आणि काच वर गेली.

"आन् ओटीत काय भरलं वं तिच्या?" कमलबाईंनी विचारलं. "पेट्रोल?"

* * *

प्राची पहाटे निघायची. मनोजला त्याच्या ऑफिसला सोडायचं, मग उलट्या दिशेने स्वतःचं ऑफिस. संध्याकाळी तसंच उलटं. पोळीची गुंडाळी सिग्नलला खायची. एकदा मनोज घरात आला, ही आलीच नाही. मी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले. गाडी बंद, आणि ही स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेली.

मी काचेवर टकटक केली. म्हणाली, "आई, दहाच मिनिटं. दिवसभरात थांबलेली गाडी एवढीच मिळते."

मी चहा बॉनेटवर ठेवला आणि दार ओढून घेतलं.

* * *

पाचव्या महिन्यात, एकादशीला, सकाळी प्राची अंघोळीला गेली होती. मनोज ओट्यापाशी पाणी पीत होता. पेला पडला आणि पाठोपाठ तो. मी डोक्याखाली हात दिला, कुशीवर वळवलं. मिनिटभरच असेल, पण मी अख्खं अथर्वशीर्ष म्हटल्यासारखं वाटलं.

शुद्धीवर येताच त्याने माझं मनगट धरलं. "आई, तू काही पाहिलं नाहीस. चारच आठवडे राहिलेत."

मी काचा गोळा केल्या. प्राचीला म्हटलं, माझ्या हातून पेला फुटला.

* * *

त्या दिवशी कमलबाईंना फोन लावला. देवाकडे मी मागितलं होतं, पोराची गाडी सुरू होऊ दे. आता मी गप्प राहिले तर सगळं मागितल्याप्रमाणे होणार होतं. "डॉक्टरला सांगू का नको?" मी विचारलं.

कमलबाई म्हणाल्या, "वहिनी, हे मले नोको विचारू."

आणि त्यांनीच आधी फोन ठेवला, तीस वर्षांत पहिल्यांदाच!

* * *

सहावी संकष्टी झाली आणि दवाखान्याचा दिवस आला. प्राची बाहेर गाडीपाशी थांबली. डॉक्टरने मनोजला विचारलं, मध्ये पुन्हा काही झालं का? मनोज "नो" म्हणाला. तेवढं मलाही कळलं. मग डॉक्टर माझ्याकडे वळला. मला इंग्रजी येत नाही, म्हणून मनोजनेच मराठीत सांगितलं, "आई, तो विचारतोय, घरात तू काही पाहिलंस का."

मनोज माझ्याकडे बघत नव्हता.

मी म्हटलं, "एकदा. एकादशीला, सकाळी, ओट्यापाशी. सांग त्यांना."

 मग मनोज डॉक्टरकडे वळला आणि बराच वेळ बोलला. त्यातला "मदर" एवढाच शब्द मला समजला. डॉक्टरने समोरचा कागद बाजूला सारला आणि दुसरा घेतला.

बाहेर आलो. प्राचीने माझ्यासाठी म्हणून गाडीच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. किल्ली पुढे धरून म्हणाली, "बस! आज तू चालव!"

मनोजने किल्ली घेतली नाही. तो खाली वाकला, चाकांखालची चारही लिंबं एकेक करून काढली, शर्टाला पुसली आणि तिच्या ओंजळीत ठेवली.

"प्राची," तो म्हणाला, "ही सहा महिने फ्रीजमध्ये टिकतील का गं?"