तोगावा-सानचं कोपर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. टीव्हीवर बेसबॉल लागला की मी उठून जाते, त्याला वाटतं मला कंटाळा येतो. कंटाळा आला असता तर किती बरं झालं असतं.

जपानमधल्या २०११च्या भूकंपानंतरच्या वर्षांत मी ओसाकाला एका लॅबमध्ये पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधक, होते. पुण्याहून आलेली, आणि स्वतःला फार काटेकोर समजणारी. एका व्यावसायिक संघाच्या पिचरांची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांची, कोपरं तपासायचं काम माझ्याकडे होतं. हात ताणून धरायचा आणि अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर सांध्यातली फट मोजायची. फट वाढली म्हणजे आतला बंध सैल पडतोय, फेकणं थांबवायचं. इतकं सरळ काम.

तोगावा-सान एकतीस वर्षांचे. त्यांचं गाव त्सुनामीत वाहून गेलं होतं. त्या भागात सामना ठेवला होता, आणि पहिला चेंडू तेच टाकणार होते. आदल्या आठवड्यात मी मोजलं — फट वाढलेली. पुन्हा मोजलं, तेवढीच. मनात पाल चुकचुकली. कारण त्याच सकाळी आमच्या सेन्सेईंनी, प्रोफेसरांनी, हात ठणठणीत असल्याचं संघाला कळवून टाकलं होतं. सेन्सेईंचा शब्द तिथे चारचौघांत खोडायचा नसतो. आधी एकटं जाऊन सांगायचं असतं. त्यांची खोली चार पावलांवर होती, दारही उघडं होतं. मग का गेले नाही? माझी मुदत वाढवणं त्यांच्या हातात होतं, हे खरं — पण तेवढंच नाही. त्यांचा पडलेला चेहरा बघायची माझी छाती झाली नाही. बस.

मी तिसऱ्यांदा मोजलं. या वेळी हात ताणलाच नाही, नुसता धरला. फट लहान दिसली आणि तोच आकडा मी लिहिला.

आणि तेवढ्यावर थांबलं असतं तर — नाही, सांगतेच. तोगावा-सान हसले. "आज दुखलं नाही, कुलकर्णी-सान. बरं होतंय ना?" न ताणलेला हात दुखेल कसा? मी मान डोलावली. त्या आठवड्यात त्यांनी सरावाला रोजच्यापेक्षा जास्त चेंडू टाकले, असं नंतर कळलं.

सामना आम्ही सगळ्यांनी लॅबमध्ये टीव्हीवर बघितला. तोगावा-सान छान खेळत होते. चौथ्या इनिंगला त्यांनी एक चेंडू टाकला, आणि कोपर पोटाशी धरून ते खाली बसले. पुन्हा ते कधीच व्यावसायिक सामना खेळले नाहीत.

दोन महिन्यांनी ते लॅबमध्ये आले. उजवा हात अजून गळ्यात, डाव्या हातात मिठाईचा खोका. माझ्यासमोर कमरेत वाकले आणि म्हणाले, "तुम्ही इतकं नीट मोजलंत, मलाच हात जपता आला नाही. माफ करा." सेन्सेई शेजारीच उभे होते.

मी खोका दोन्ही हातांनी घेतला. आणि तोगावा-सानना माफ केलं.