मागच्या बागेतल्या फळ्या

यांच्या पायाचं ऑपरेशन झालं आणि मागच्या बागेत जाणंच बंद पडलं. नालवाडीतल्या आमच्या घरामागे काळी माती. कोरडी असली की भेगा, ओली झाली की चप्पल सोडत नाही. वॉकर तर रुततोच. फरशी घालू म्हटलं तर हे म्हणाले, "फरशीवर घसरून दुसरा पाय मोडू का?" तेव्हा पुण्याच्या मुलीने फोनवर सांगितलं, "आई, कम्पोझिट डेकिंग करून घ्या."

ते नाव कागदावर लिहून मी नागपूरच्या दुकानात गेले. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या, बाहेर फरशीसारख्या बसवायच्या त्या फळ्या. दुकानदाराने पोकळ दाखवल्या, भरीव दाखवल्या. एका बाजूला खाचा, दुसरीकडे लाकडासारख्या रेषा. कोणती बाजू वर ठेवायची विचारलं, तर म्हणाला, "दोन्ही चालतात." मुलगी म्हणत होती खाचांचीच. जन्मभर शाळेत मुलांना बरोबर पर्याय निवडायला शिकवलं. इथे सगळेच पर्याय बरोबर होते आणि मला एकही निवडता येईना.

दोन नमुने घरी आणले. यांनी नखाने खरवडून पाहिलं, वास घेतला.

"हे लाकूड आहे का प्लास्टिक?"

"दोन्ही."

"असं कसं दोन्ही?"

शेवटी भरीव, गडद तपकिरी फळी घेतली. का, ते आजही ठाऊक नाही. बहुधा मी थकले होते.

बसवायला देवळीचे एक वयस्क सुतार आले. सगळी हयात सागवानात गेलेली. लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर त्यांनी दोन दिवसांत फळ्या बसवल्या, घराच्या भिंतीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, अगदी घट्ट. रेषांची बाजू वर, कारण त्यांच्या मते खाचा म्हणजे मागची बाजू. नख शिरणार नाही असं काम.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बाहेर डोकावले तर फळ्या मधोमध वर उचललेल्या. पाय ठेवला तर चटका बसला. मला वाटलं खालची मातीच फुगली. सुतारांना फोन केला. ते आले, उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले.

"काकू, मले समजून नाई राह्यलं. मी तं बराबर बसवलं होतं. लाकूड पाण्यानं फुगते. हे काऊन उन्हानं फुगलं?"

मुलीला विचारलं, तिने दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, उन्हात ही फळी लांबते, टोकाला जागा सोडावी लागते. सुतारांना ते पटलं नाही. तरी त्यांनी एकेक फळी काढली, टोकाला बोटभर कापली, परत बसवली. ती फट बघून त्यांचा चेहरा पडला होता. जाताना म्हणाले, "कोनी विचारलं तं माह्यं नाव नका सांगजा."

दुपारी त्या फळ्यांवर जाता येत नाही, इतक्या तापतात. फिकट रंग घ्यायला हवा होता, असं आता सगळेच सांगतात. पण ऊन उतरलं की हे वॉकर घेऊन निघतात, कंपाउंडजवळच्या पेरूच्या झाडापर्यंत जातात, उभे राहतात, परत येतात. परवा अर्ध्या वाटेत वॉकर सोडून चार पावलं टाकली. मी दारातूनच ओरडले, "अहो, धरा ते!"

"काऊन?" म्हणाले आणि पाचवं पाऊल टाकलं.

मी पुढे जावं की तिथेच थांबावं, मला कळेना. हात पुसत दारातच उभी राहिले.