चाळीस पावलांवर एक झेंडी

१९७८ साली मी चोवीस वर्षांचा होतो. हुद्दा लान्स नायक, शाळा चौथीपर्यंत. आमचं वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. पलटणीची मोहीम गढवालात बावीस हजार फुटांच्या एका शिखरावर निघाली. मला घेतलं ते छाती पाहून. त्याआधी मी बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर पाहिला होता.

मोहिमेत वऱ्हाडी दोघंच. मी जऊळक्याकडचा, आणि शिपाई गोविंद राठोड मानोऱ्याजवळच्या तांड्यातला. आम्ही शिखरावर जाणारे नव्हतो. आमचं काम ओझी वाहायचं. पहाटे चारला उठायचं. बूट चामड्याचे, झोपताना पोटाशी घ्यायचे, नाहीतर सकाळी लाकूड होत. साडेपाचला वीस किलो पाठीवर घेऊन बेसवरून कॅम्प वन.

मागच्या महिन्यात वाशिमला एका मुलीचा सत्कार झाला. मोठं शिखर चढून आली. हिंमतीची पोरगी आहे, नावं ठेवणार नाही. पण दोर तिच्याआधी दुसऱ्यांनी बांधलेला, हवामान फोनवर, आणि वाट मनगटावरचं घड्याळ दाखवतं. मलाही शाल दिली. तिनं विचारलं, "आजोबा, तुमी वाट कशी ओळखत होते?"

म्हटलं, "बांबूनं."

सगळे हसले. पुढे कोणी विचारलं नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्यात. घरी ऐकायला कोणी नाही, म्हणून लिहितो.

बांबूच्या काडीला लाल फडकं बांधायचं आणि बर्फात रोवायचं. ढग उतरला की एका झेंडीवरून दुसरी धरत खाली यायचं. मेजर साहेबांचा हुकूम होता, "हर चालीस कदम पे एक. नाक की सीध में." बेस ते कॅम्प वन झेंड्या मी एकट्यानं लावल्या. ऊन स्वच्छ होतं. वावराचा धुरा, म्हणजे बांध, मी लहानपणापासून नजरेनं सरळ धरत आलो. मला वाटलं, इथं तर मैलभर दिसतं, चाळीसवर कायले? अर्ध्या काड्या वरच्या, बर्फातल्या भेगांच्या वाटेसाठी राखल्या आणि ऐंशी पावलांवर एक लावली. साहेबांना सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर माझी अक्कल लहान ठरली असती.

पाचव्या दिवशी कॅम्प वनवर गोविंदला खोकला लागला. साहेबांनी त्याला खाली बोलावलं. वाट झेंड्यांची आहे म्हणून एकट्याला सोडलं. मी बेसवर होतो. निघताना वायरलेस सेटवर मला म्हणाला, "चहा ठेव बे. अन् साखर लपवू नको."

दोन वाजून वीस मिनिटांनी ढग उतरला. वर, खाली, सगळं पांढरं. सेटवर मी होतो, शेजारी मेजर साहेब.

"बेस, राठोड. झेंडीपाशी हाओ. पुढची दिसून नाही राह्यली. ओव्हर."

"सरळ चालत ये. ओव्हर."

थोड्या वेळानं परत आवाज आला. "सांगितले तेवढे पावलं मोजले, भाऊ. इथं झेंडी नाही. काहून? ओव्हर."

साहेबांना वऱ्हाडी कळत नव्हती. पण ऐंशी म्हटलं असतं तर कळलं असतं, आकडा हिंदीतही जवळपास तसाच आहे.

"तिथंच असन," मी म्हटलं. "आजूबाजूले पाह्य. ओव्हर."

"क्या बोल रहा है?" साहेबांनी विचारलं.

"रास्ता ढूंढ रहा है, सर."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. सरळ अजून चाळीस पावलं आला असता तर झेंडी होती.

दोन चाळीसला एकदा नुसती खरखर ऐकू आली. मग काही नाही. आम्ही तिघं दोर बांधून निघालो. साडेतीनला साहेबांनी परत फिरवलं. स्वतःचा हात दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आकाश निळं होतं. मी पुढे, मागे साहेब. ते पावलं मोजत होते. मला ऐकू येत होतं, मी वळलो नाही. सातच्या सुमारास गोविंद सापडला, वाटेच्या डावीकडे, सॅकला टेकून बसलेला. सेट त्यानं कोटाच्या आत धरला होता, बॅटरी गार पडू नये म्हणून.

दोघं जण मदतीला आले. मी नको म्हटलं. त्याला पाठीवर घेतलं आणि बेसवर एकट्यानं आणलं. ताडपत्रीवर निजवलं, टोपी सरळ केली. साहेब उभे होते.

"अस्सी कदम," ते म्हणाले.

"हां, सर. मैंने लगाई."

"रेडियो पे वो तुमसे क्या पूछ रहा था?"

मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि सांगितलं, "घर की बात कर रहा था, सर."