शेळ्यांनी घडवलेलं झाड

आमचे हे कवळ्या बनवतात. लोकांचे दात पडायची वाट बघण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्यामुळे धीर दांडगा. बोन्सायसाठी रानातली झाडं उकरून आणायचा नादही तसलाच. गच्चीवर कपडे वाळत घालायला जागा उरलेली नाही.

पण ह्यांचा जीव अडकला होता तो डोंगरावरच्या एका रानअंजिरात. शेळ्या त्याचा एकूण एक कोंब खायच्या. त्यामुळे झाड गुडघ्याएवढंच राहिलं आणि खोड मात्र मांडीएवढं झालं. "असं काम माणसाच्या हातून होत नाही," हे म्हणायचे. माझ्या स्वयंपाकाबद्दल असं काही ऐकल्याचं मला आठवत नाही. खोड अजून जरा भरू दे म्हणून हे दरवर्षी जायचे आणि नुसता हात फिरवून परत यायचे. झाड न्यायचंय हे कुणाला सांगायचं नाही, नाहीतर दुसराच कुणीतरी उचलतो, असा या नादातला नियम. शेळ्यांच्या मालकीणबाई, त्यांना आम्ही मावशीच म्हणतो, हे सगळं लांबून बघायच्या.

मधे गुडघेदुखीनं काही वर्षं ह्यांचं जाणं झालं नाही. यंदा करवत, कुदळ आणि गोणपाट घेऊन आम्ही दोघं चढलो.

झाड माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. सरळसोट, पानांनी भरलेलं, भोवती काट्यांचं कुंपण. सासरे गेले तेव्हाही ह्यांचा चेहरा इतका पडला नव्हता.

मावशी धापा टाकत आल्या. "किती जीव हो तुमचा त्याच्यावर! तुम्ही येऊन कुरवाळता आणि माझ्या मेल्या शेळ्या ओरबाडतात. मलाच लाज वाटायची. तुम्ही येईनासे झालात, म्हटलं आजारी असतील, निदान त्यांचं झाड तरी सांभाळावं. काटे मीच आणले डोक्यावरून."

त्यांच्या हातांवर ओरखड्यांचे वण होते. मला हसू आवरत नव्हतं आणि ह्यांच्याकडे बघवतही नव्हतं. गुडघ्याएवढ्यावर कापून बुंधा उकरला असता तर बोन्सायचं खोड अजूनही मिळालं असतं. हे ह्यांना ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं ऐकून मलाही.

मावशींची नजर खाली गेली. "ही करवत कशाला आणलीत?"

ह्यांनी कुंपण जरा हलवून पाहिलं.

"कुंपण एका बाजूनं सैल झालंय," हे म्हणाले. "म्हटलं, चार खुंट कापून ठोकावेत."

दुपारभर ठोकत होते. हात कारागिराचा, काम चोख झालं. आता शेळीच काय, ह्यांनाही आत जाता येणार नाही.