मी खोडलेला कडुलिंब

चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही, ही गोष्ट मी सासुरवाडीत बरीच वर्षं दाबून ठेवली होती. मी वाशिमात राहतो आणि पेपर वाचतो, एवढ्यावर मामाजींनी (म्हणजे सासऱ्यांनी) मला जाणकार ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी माझ्या मेहुणीला, पल्लवीला, पाहायला कामरगावचा पोरगा वडिलांसोबत आला होता. चित्रकलेचा मास्तर! मामाजींचे धाकटे भाऊ, काकाजी, हेही आले होते. दोघांची वावरं रिसोडजवळ एकमेकांना लागून. मधल्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा कडुलिंब कोणाचा, यावरून दोघांचं कित्येक वर्षं बोलणं बंद! पण पुतणीसाठी काकाजी राग गिळून आले.

चहा-पोहे झाल्यावर सगळे वावर पाहायला गेलो. आम्ही पाणी पिईपर्यंत पोरानं उभ्याउभ्या पेन्सिलनं अख्खं वावर कागदावर उतरवलं.

"जवाईबुवा, तुमी शिकलेसवरलेले. सांगा बरं, कसं जमलं?" मामाजी म्हणाले.

मला दोन आडव्या रेघा आणि एक उभा केलेला झाडू दिसला. (तो कडुलिंब होता.) पण पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत होते. घसा खाकरून म्हटलं, "वा! हुबेहूब! एक काडी इकडची तिकडं नाही!"

इथंच थांबलो असतो तर! पण मला चेव चढला. "सरकारी मोजणीवाला आला तरी इतकं बरोबर काढणार नाही!"

काकाजींनी कागद ओढलाच. "जवाई बरोब्बर बोलले! पाह्य दादा, झाड माह्या वावरात हाय!"

खरंच की! धुऱ्याची रेघ झाडाच्या अलीकडून, मामाजींच्या बाजूनं गेली होती.

मामाजी भडकले. "झाड माह्या बापानं लावलं!"

"मंग तो माहा कोन होता?"

मी सावरायला गेलो. "अहो, घाईत पेन्सिल सरकते. चुकलं असेल पोराचं."

आता पोराचे वडील पेटले. "चुकलं? आमचा पोरगा मास्तर हाय! चाला रे, आपल्याले नाही जमत हे!" त्यांनी गाडीची चावीच काढली.

पल्लवीचे डोळे भरून आले. पोरगा तिला आवडला होता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. माझ्यामुळे तिची सोयरीक मोडायला निघाली होती. मग मी शहाणपणाचा कळस केला. पोराकडून रबर घेतलं आणि झाडच खोडून टाकलं! "घ्या, मिटलं भांडण!"

"झाड कायले खोडलं?" दोघे भाऊ एकदम ओरडले.

"त्याच्याखाली लहानाचे मोठे झालो आमी!" मामाजी.

"दादा, काही अक्कल हाय का या मानसाले?" काकाजी.

"नाही ना बावा! पोरगी देऊन बसलो, आता काय करतं!"

इतक्या वर्षांनी भावांचं एकमत झालं, तेही माझ्या अकलेबद्दल! पोराचे वडील इतके हसले, की चावी परत खिशात गेली. काकाजींनी मामाजींच्या खांद्यावर हात टाकला. "दादा, पोरीचा मांडव याच झाडाखाली घालू." सोयरीक पक्की झाली.

लग्नानंतर नव्या साडूनं माझंही चित्र काढून दिलं. सगळं आलंय, पोटसुद्धा. तोंड तेवढं नाही.

"घाईत राहिलं वाटतं," मी बायकोला म्हटलं.

"राह्यलं नाही," ती म्हणाली, "मीच सांगतलं त्यायले, तोंड काढू नका म्हनून!"