वच्छलाला द्यायचा राहिलेला निकाल

गंगाधरचा फोन आला तेव्हा मी घरी न्हाणीत होतो. एक लोटा डोक्यावर घेतला होता, दुसरा हातात होता. पंधरा दिवस भंडाऱ्याच्या दवाखान्यात बाकड्यावर काढले होते, म्हणून वच्छलाच म्हणाली होती, "सकाळी घरी जाऊन आंगोळ करून या जी, नर्सबाई नाक दाबून राहिली." गंगाधरला तिच्याजवळ बसवून मी वरठीला आलो होतो. फोनवर तो एवढंच म्हणाला, "तू ये." मी विचारलं, "बोलून राहिली का?" तर म्हणतो, "तू ये ना बे." मला कळलं. दुसरा लोटा तसाच बादलीत सोडला आणि ओल्या अंगावर सदरा चढवून निघालो... पोचलो तेव्हा तिच्या तोंडावरची ती हवेची नळी काढून ठेवली होती. बेचाळीस वर्षं संसार केलेली माझी बायको गेली होती, आणि तिला एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहून गेली होती.

याला आता सव्वा महिना झाला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तिच्या आठवणीच्या कार्यक्रमात, माईक घेऊन लोक बोलले, की वच्छलाबाई शांत होत्या, मवाळ होत्या, सगळ्यांशी गोड होत्या. मी खाली सतरंजीवर बसून ऐकत होतो आणि मला राग येत होता. ती शांत नव्हती. गोड तर मुळीच नव्हती. खोटं बोललेलं तिला खपत नसे, मग ते पिक्चरबद्दल का असेना. म्हणून हे लिहितो आहे. मी चौथीपर्यंत शिकलो, पुढे कारखान्यात भट्टीजवळ जन्म गेला. शुद्धलेखन नात पल्लवीनं तपासून दिलं, पण वच्छलाच्या तोंडचं बोलणं सुधरवू नको असं मी तिला बजावलं आहे.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या साली आमच्याकडे रंगीत टीव्ही आणि चकत्यांचं, म्हणजे सीडीचं मशीन आलं. रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही तिघं बसायचो. मी, वच्छला आणि शेजारचा गंगाधर. गंगाधर मूळचा कोंढ्याकडचा, घरी धानाची शेती, पण स्वतः रेल्वेत रुळावर कामाला. त्याची बायको दुपारी झोपायची, म्हणून तो आमच्याकडे. तिघांच्या आवडी तीन. मला लढाईचा पिक्चर पाहिजे. गंगाधरला भुताचा, तोही पाय खाटेवर घेऊन, कारण पाय खाली सोडले की खालून कोणी धरेल अशी त्याला भीती. दिवसा रुळावर एकटा मैल मैल चालणारा माणूस, पण आमच्या घरात पाय खाली सोडत नव्हता. आणि वच्छलाला पाहिजे ते दुसऱ्या ग्रहावरचे, यानाचे, यंत्राच्या माणसाचे, हिंदीत बोलणारे इंग्रजी पिक्चर.

गंगाधर तिला चिडवायचा. "वहिनी, करडी गावच्या बांधीत धानाचा रोवणा करनारी बाई तुमी, तुमाले त्या यानाचं काय समजते?"

ती म्हणायची, "मले नाही समजत. तुमाले तरी कुठं समजते? लढाईची गोष्ट निघाली की हे शहाणे होतात, भुताची निघाली की तुमी शहाणे होता. पन तिकडं वर काय आहे हे कोनालेच माहीत नाही. तिथं मी अन् कलेक्टर सारखेच अडानी."

पिक्चर संपला की निकाल द्यायचा, ही पद्धत तिचीच. 'चांगला होता', 'ठीक होता' असं म्हणून उठायचं नाही. कोणता सीन पटला, कोणता नाही, काय समजलं नाही, ते सांगायचं. त्याशिवाय चहा ठेवायला ती उठायचीच नाही. माझ्या लढाईच्या पिक्चरचे तिनं दिलेले निकाल मला आजही टोचतात. एकदा म्हणाली, "यांच्या बंदुकीतल्या गोळ्या काहून संपत नाहीत जी? आपला गॅस तं महिनाभर पुरत नाही." दुसऱ्यांदा म्हणाली, "इतके शिपाई महिना महिना लढून राहिले, तं यांच्या भाकरी कोन करून राहिलं? तो मानूस एकदाही दाखवला नाही. मंग हा पिक्चर अर्धाच आहे." मी चिडून बाहेर गेलो आणि पानठेल्यावर तासभर बसलो. परत आलो तेव्हा गंगाधर चहाशिवाय तसाच बसलेला. म्हणतो, "तुझा निकाल बाकी आहे म्हनून मले चहा नाही भेटून राहिला बे."

भुताच्या पिक्चरला ती हसायची. गंगाधर डोळे झाकायचा आणि ही उठून टीव्हीचा आवाज बंद करायची. "आता पाहा. भेव सारा आवाजात आहे. आवाज गेला की भूत म्हंजे पावडर लावलेली बाई." तो खरंच डोळे उघडून पाहायचा आणि हसायला लागायचा. मग म्हणायचा, "वहिनी, आवाज चालू करा, अशी मजा नाही येत."

पण निकालाचा खरा कायदा झाला तो माझ्या चुकीनं. एक पिक्चर दोन चकत्यांवर असायचा, पहिला भाग आणि दुसरा भाग. चकतीवर दुकानदारानं पेनानं आकडा टाकलेला असे. त्या रविवारी तो पुसला होता. मशीनचा जाणकार मी, म्हणून मी एक चकती घातली. पिक्चर सुरू झाला तो धावपळीतच, कोण कोणाचा काही समजेना, तासाभरात अर्धे लोक मेले, शेवटच्या नावांच्या पाट्या आल्या. दुसरी घातली तर मेलेले सगळे जिवंत, हसून राहिले, यानात बसून राहिले, आणि मधेच संपलं. मी म्हणालो, "वा. डोक्याचा पिक्चर आहे." गंगाधर म्हणाला, "त्या ग्रहावर मरन नाही, असं दाखवलं त्यानं. लई खोल आहे." आम्ही दोघं पंधरा मिनिटं एकमेकांना तो पिक्चर समजावत होतो. वच्छला ऐकत होती. मग म्हणाली, "अवो, तुमी चकती उलटी लावली."

गंगाधर हसून हसून खाटेवरून खाली आला. मी मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिलो की असाच आहे तो. ती हसली नाही. म्हणाली, "उलटी लावली त्याचं काही नाही जी. समजलं नव्हतं तं समजलं नाही म्हनाचं होतं. तुमी दोघंही खोटं बोलले. या घरात पिक्चरबद्दल खोटं नाही बोलाचं. बाकी बाहेर काय बोलाचं ते बोला." गंमतीत बोलली असं मला वाटलं होतं. ती गंमतीत बोलली नव्हती. त्यानंतर वीस वर्षं आमच्या घरी कोणी पिक्चरबद्दल खोटं बोललं नाही... म्हणजे मी तरी नाही, त्या शेवटच्या दिवसापर्यंत.

मधे एकदा टीव्हीवर दुपारी एक पिक्चर लागला होता. सुरुवात हुकली, नाव माहीत नाही. तीन माणसं एका दूरच्या ग्रहावर अडकलेली. परतायच्या यानाचा दांडा बिघडलेला, तो बाहेर उभं राहून हातानंच ओढावा लागणार. त्यातला म्हातारा मिस्त्री म्हणतो, तुम्ही बसा, मी ओढतो आणि दोरी धरून आत येतो. इकडे त्याची बायको घरी रेडिओपुढे बसलेली, त्याच्याशी बोलते. मिस्त्रीनं दांड्याला हात घातला आणि आमच्याकडची लाईट गेली. आली ती तीन तासांनी.

वच्छलाच्या मनातून तो मिस्त्री गेला नाही. छत्रीवाला टीव्ही बसवायला माणूस आला, त्याला विचारलं. शाळेतल्या मास्तरांना विचारलं. लग्नात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला विचारलं, "तुमी असा पिक्चर पाहिला का वं, त्यातला मिस्त्री परतला का?" नाव नसलेला पिक्चर कोण सांगणार? मी म्हणायचो, "सोड ना आता." ती म्हणायची, "कसं सोडू? ती बाई तिथंच बसून आहे माया डोक्यात."

दवाखान्यात भरती झाली तेव्हा पल्लवीनं आजीकडून सगळी गोष्ट ऐकली, मोबाईलवर काय काय टाकलं आणि दोन दिवसांत तो पिक्चर शोधून काढला. वच्छलाला पाहता येत नव्हता. डोळ्यांना पडदा सहन होत नव्हता, दम तर बोलतानाही लागायचा. मला म्हणाली, "तुमी पाहा. अन् जसा आहे तसा सांगा."

दुपारी चार वाजता दवाखान्याच्या व्हरांड्यात मी मोबाईलवर तो शेवट पाहिला. मिस्त्री दांडा ओढतो. दोरी तुटते. यान निघून जातं. तो परतत नाही.

मी उठून आत गेलो. व्हरांड्यापासून तिच्या खाटेपर्यंत वीस पावलं असतील, तेवढ्यात माझं ठरलं. ती वाटच पाहत होती. "परतला का जी?"

मी म्हणालो, "परतला."

"कसा?"

"दोरी पक्की होती. ओढून घेतला त्याले आत."

"अन् बायको?"

"दारात उभी होती. बसून चहा पेले दोघं."

माझ्याकडे पाहत तिनं नळी बाजूला सारली आणि म्हणाली, "निकाल द्या."

माझ्या तोंडून निघालं, "चांगला होता."

"कोनता सीन?"

मला एकही सीन सुचला नाही. तेवढ्यात नर्सबाई सुई घेऊन आल्या. मी म्हणालो, "उद्या सांगतो, आराम कर." तिनं मान हलवली. सकाळी मला आंघोळीला पाठवलं... आणि तो उद्या आलाच नाही.

तिनं खरं मानलं होतं की खोटं पकडलं होतं, हे मला माहीत नाही. सव्वा महिना मी याच्यावरच फिरतो आहे. घरात बसवत नाही. सकाळी स्टेशनपर्यंत जातो, गाडी येऊन जाते, परत येतो, पुन्हा निघतो. गंगाधरला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलं. जानाऱ्या मानसाले कायले दुखवाचं?" मी त्याला म्हणालो, "ती काय लहान पोरगी होती का, गोड गोळी द्यायले?" तो हळूच म्हणाला, "तिनं विचारलं असतं तं मीही तेच म्हटलं असतं बे." पल्लवी मात्र 'बरं केलं' म्हणाली नाही. तिनंही तो शेवट पाहिला होता. तिनं फक्त विचारलं, "आबा, आजीला खरंच सोसलं नसतं का?" याचं उत्तर मला ठाऊक आहे. आजीला सोसलं असतं. मला सोसलं नसतं. 'तो परतला नाही' हे तिच्या तोंडाकडे पाहत बोलण्याची हिंमत माझ्यात नव्हती. लढाईचे पिक्चर पाहून छाती फुगवणारा मी, आणि तीन शब्दांपुढून पळालो.

गेल्या रविवारी जेवण झाल्यावर पल्लवीकडून तो पिक्चर पुन्हा लावून घेतला, या वेळी घरात, मोठ्या टीव्हीवर, सुरुवातीपासून. गंगाधरला बोलावलं नाही. व्हरांड्यात मी यान निघून गेल्याबरोबर मोबाईल बंद केला होता. त्यानंतरही दहा मिनिटं पिक्चर आहे हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे जो शेवट मी तिच्यापासून लपवला, तो मी स्वतःही पाहिला नव्हता.

तर हा घे निकाल, वच्छले. उशीर झाला, पण जसा आहे तसा.

तो परतला नाही. दोरी तुटली. यानातले दोघं वाचले. मिस्त्री तिकडेच एका दगडावर बसला आणि हवा पुरली तोवर बायकोशी बोलत राहिला. काही मोठं बोलला नाही. छपराचा कोणता पत्रा गळतो, ते सांगितलं. तो सीन मला पटला, माणूस असाच बोलतो. ग्रहाचं नाव काय, तिथं दोन सूर्य कसे, ते मला समजलं नाही. समजलं नाही ते नाही. भाकरी कोण करतं ते याही पिक्चरमध्ये दाखवलं नाही, तुझं म्हणणं खरं होतं, तेव्हा मी मानलं नाही.

आणि शेवटचा सीन मला पटला नाही. त्याचा आवाज बंद होतो. बाई थोडा वेळ बसते. मग उठते आणि आपल्या हातानं रेडिओ बंद करते. पदर खोचून बाहेर जावं तशी बाहेर जाते. बनवणाऱ्याला वाटलं असेल, किती धीराची बाई दाखवली. इथं तो चुकला. त्याच्या घरातलं कोणी गेलं नसावं. असा रेडिओ कोणी बंद करत नाही, वच्छले. तुझा तो बटणांचा लहान मोबाईल अजून खिडकीतच आहे. त्यावर कोणाचा फोन येत नाही, जे करायचे ते सगळे येऊन भेटून गेले. तरी संध्याकाळी त्याच्या बॅटरीच्या दोन काड्या उरल्या की मी उठतो आणि चार्जिंगला लावतो.