सार्जंटच्या हक्काचं पिल्लू

नोंग पान्योंग बावीस वर्षं आपल्या डुकराच्या मागून चालले. पुढे सार्जंट, दीड क्विंटलचा; एक थकला की पुढच्यालाही तेच नाव. मागे नोंग, हातात नारळाच्या झावळीची काडी. गावातली माणसं आधी सार्जंटला हाक मारत, मग नोंगना; नोंग म्हणजे आमच्याकडे दादा. नोंगची त्याला हरकत नव्हती. काम सार्जंटच करत होता.

कुणाची डुकरीण माजावर आली की निरोप यायचा. रीत ठरलेली. पिल्लांचं दूध तुटलं की पहिली निवड नराच्या मालकाची. एक पिल्लू, त्याच्या पसंतीचं. अशा पिल्लांवर नोंगच्या घरावर पत्रे चढले, बायकोला शिलाई मशीन आलं आणि थोरलीचं लग्नही उरकलं.

मग समुद्रापलीकडच्या बेटावर डुकरांना ताप आला आणि महिन्याभरात तिथली खुराडी ओस पडली. आमच्या गावसभेत पशुवैद्य मारिफेबाईंनी सांगून टाकलं, "आजपासून एकही डुक्कर रस्ता ओलांडणार नाही. खरकटं घालायचं नाही. नराऐवजी सरकारी रेताची बाटली येईल."

"बाटलीला चालता येतं का?" नोंगनी विचारलं.

"तुम्हीच न्यायची. आम्ही शिकवू."

नोंगच्या मेहुण्याचा शहरात गाड्या धुण्याचा धंदा होता. त्याने लगेच कळवलं, "तिकडं आता काय राहिलंय? या, पाइप धरा." नोंगना पाइप धरायचा नव्हता. ते तीन दिवस बाटलीचं शिक्षण घेऊन आले.

सार्जंट खुराड्यात पडून जाड झाला. नोंग बाटल्यांचा डबा घेऊन तीन गावांत दारोदार फिरू लागले. प्रत्येक आवारात पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचे, सदरा बदलायचा. पंचाईत तिथेच झाली. नांग (म्हणजे ताई) लिब्राडाची डुकरीण जागेवर उभी राहीना.

"ओळखत नाही ती तुला," लिब्राडा म्हणाली. "साबणाचा वास मारतोयस, पान्योंग. जन्मात पहिल्यांदा."

"मग करू काय?"

"बस तिच्यावर. सार्जंट काय करायचा ते बावीस वर्षं बघितलंयस की!"

कुंपणाला आम्ही सहा जण लटकलो होतो. नोंगनी आमच्याकडे पाहिलं नाही. ते डुकरिणीच्या पाठीवर भार देऊन बसले, गुडघ्यांनी तिच्या कुशी दाबल्या आणि घशातून सार्जंटचा आवाज काढला. डुकरीण कान ताठ करून गप उभी राहिली. काम बघायला आलेल्या मारिफेबाईंनी ते वहीत टिपून घेतलं.

एकशे चौदा दिवसांनी अकरा पिल्लं झाली. त्यांचं दूध तुटलं तेव्हा नोंग आले, पाय बुडवले, सदरा बदलला आणि उभे राहिले. लिब्राडाचा जावई रुफो पुढे झाला.

"निवड कसली, नोंग? बाप सरकारी आहे. त्याचा मालक आला तर त्याला देऊ."

मुद्दा बिनतोड होता. या घराने नाही म्हटलं की तिन्ही गावं नाही म्हणणार आणि आपण शहरात पाइप धरणार, एवढं नोंगना कळत होतं.

"रुफो," लिब्राडा म्हणाली, "तुझ्या सोयरिकीच्या वेळी आम्ही तरी कुठं एवढी चौकशी केली? आणि सरकार आलं होतं का तिच्यावर बसायला? हा बसला. पान्योंग, घे बघून."

नोंगनी अर्धा तास लावून एक मादी निवडली. उचलून फाटकाशी गेले आणि थांबले. डुकराने रस्ता ओलांडायचा नव्हता. त्यांनी पिल्लू परत आईजवळ सोडलं.

"राहू दे इथंच," लिब्राडा म्हणाली. "कोंडा तेवढा तू आणायचा."

ही बातमी पसरायला दुपार पुरली. बाटली घेतलेल्या आणखी तीन घरांनी आपापल्या पिल्लांपुढे नोंगना बोलावलं. आज नोंगची चार डुकरं चार घरांत वाढताहेत आणि स्वतःच्या आवारात एकटा सार्जंट घोरतोय. नोंग रोज चारही दारी कोंडा घेऊन जातात, चारदा पाय धुतात, चारदा सदरा बदलतात. बायको म्हणते, लग्नाच्या दिवशीसुद्धा हे इतके स्वच्छ नव्हते.